भाकरी का करपली आणि सर्व्हर का पडला?

आपल्या आयटीवाल्यांच्या जगात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं कुठलं? "उद्या सकाळपर्यंत होऊन जाईल" हे नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हेही नाही (ते बिचारं बहुतेक वेळा खरंच असतं). मला विचाराल तर ते खोटं म्हणजे, "काळजी नको, बॅकअप आहे."

बॅकअप आहे, डीआर साइट आहे, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक्स आहेत... क्लायंटला दाखवायच्या पीपीटीत दोन सारखे चौकोन, मध्ये दुतोंडी बाण आणि खाली हिरव्या अक्षरांत 'हाय अव्हेलेबिलिटी'. सगळे माना डोलावतात, की पुढची स्लाइड. त्यातल्या दुसऱ्या चौकोनावर खरं काम शेवटचं कधी चालवलं होतं, हे विचारायची पद्धत नाही. कुणी विचारलंच, तर लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचा विषय काढल्यासारखं त्याच्याकडे बघतात.

लहानपणी आजीने घातलेलं एक कोडं आठवतंय का? घोडा का अडला? पान का सडलं? भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, की या कोड्यात चौथा प्रश्न घालायची वेळ आली आहे. सर्व्हर का पडला? न फिरवल्यामुळे! आणि तो फिरवला नाही हे झाकायला आपण 'ह्यूमन एरर' नावाचं एक पांघरूण शिवून ठेवलंय.

हे माझं नुसतं मत असतं तर तुमचा शनिवार वाया घालवला नसता. पण शिकागो विद्यापीठात हर्यादी गुनावी नावाचे एक प्राध्यापक आहेत. क्लाउड का बंद पडतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. २०१६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर मांडला. काम दिसायला अगदी साधं, पण कंबर मोडणारं : २००९ ते २०१५ या सात वर्षांत ३२ नावाजलेल्या इंटरनेट सेवा कधी कधी बंद पडल्या, हे बातम्यांतून आणि कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालांतून शोधून काढायचं. बाराशेहून अधिक बातम्या आणि अहवाल वाचून त्यांनी ५९७ आउटेजेस गोळा केली आणि प्रत्येकाचं कारण लावायचा प्रयत्न केला.

त्यांना पडलेला प्रश्न आपल्यालाही पडायला हवा. या सगळ्या कंपन्या 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नको' हे तत्त्व कोळून प्यायलेल्या. प्रत्येक गोष्ट दोन-दोन, तीन-तीन ठेवलेली. मग सेवा बंद पडतेच कशी?

उत्तर असं, की जोडीला दुसरं यंत्र ठेवलं म्हणजे काम झालं नाही. एक अख्खी साखळी चालावी लागते. पहिलं, बिघाड झालाय हे कळलं पाहिजे. दुसरं, काम तिकडे वळवणारा कोड बिनचूक चालला पाहिजे. आणि तिसरं, जिकडे वळवलं ते यंत्र खरोखर जिवंत पाहिजे. यातली एक कडी तुटली की दुसरा चौकोन फक्त पीपीटीपुरता. आणि गंमत अशी, की नेमक्या याच तीन कड्या रोजच्या कामात कधी वापरल्याच जात नाहीत. रोज चालणारा कोड रोज तपासला जातो. वर्षातून एकदा चालणारा कोड त्या एकाच दिवशी तपासला जातो, आणि तोही प्रॉडक्शनवर!

गाडीच्या स्टेपनीसारखं आहे हे. ताम्हिणी घाटात पंक्चर झाल्यावर डिकी उघडायची आणि तेव्हा कळणार की स्टेपनीत हवा नाही. आता तुमच्याकडे पाचवं चाक होतं की नव्हतं? आरटीओच्या हिशेबाने होतं. तुमच्या हिशेबाने तुम्ही तीन वर्षं डिकीत वजन वाहत होतात.

"ही सगळी अमेरिकेतली उदाहरणं, आपल्याकडे काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी थेट मुंबईचं उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. मधले चार तास देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार बंद! वेळ वाढवून मिळणार हे कळलं तेव्हा नेहमीची वेळ संपायला जेमतेम काही मिनिटं उरली होती. ज्यांचे इंट्राडेचे सौदे अडकले होते त्यांचा जीव चार तास टांगणीला.

आता यातला मजकूर बघा. एक्स्चेंजकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्स होत्या. दोन्हींत एकाच दिवशी बिघाड झाला. रस्त्यालगतचं खोदकाम आणि बांधकाम हे त्याचं मुख्य कारण असल्याचं नंतरच्या खुलाशात आलं. (रस्ता खोदणाऱ्याला दोन कंपन्यांची दोन वेगळी बिलं दिसत नाहीत, त्याला फक्त माती दिसते.) पण खरी गोष्ट पुढे आहे. या लिंक्स मुख्य साइट आणि तिच्या जवळच्या डीआर साइटला जोडणाऱ्या होत्या. त्या तुटल्या तरी मुख्य साइटचं काम चालू राहायला हवं होतं, रचना तशीच होती. प्रत्यक्षात दुसऱ्या साइटवर डेटाची प्रत ठेवणारी स्टोरेज यंत्रणा अनपेक्षितपणे वागली आणि मुख्य साइटचे सर्व्हर आपल्याच स्टोरेजला मुकले. त्यामुळे जोखमीवर लक्ष ठेवणारी क्लिअरिंगची यंत्रणा बंद पडली आणि तिच्याशिवाय बाजार चालू ठेवणं शक्यच नव्हतं.

पुन्हा एकदा वाचा. डेटा वाचावा म्हणून जी व्यवस्था केली होती, तीच मुख्य साइटला घेऊन बुडाली! गुनावींच्या पेपरातलं उदाहरण म्हणून खपून जाईल इतकं चोख. दोन लिंक्स होत्या, दोन साइट्स होत्या, दूरवर आणखी एक डीआरही होती. चौकोन सगळे होते. साखळी नव्हती.

आता 'ह्यूमन एरर'कडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मी ज्या एका प्रोजेक्टवर होतो (कंपनीचं नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये अंदाजही बांधू नका), तिथली गोष्ट. नाइट शिफ्टला दीड वर्ष अनुभवाचा एक मुलगा एकटा होता. रात्री दोनच्या सुमारास मुख्य डेटाबेसची डिस्क भरली. त्याने रनबुक उघडलं आणि त्यात लिहिलेल्या पायऱ्या एकामागून एक करत काम स्टँडबायवर वळवलं. स्टँडबाय सुरूही झाला. फक्त त्याच्यावर डेटा येणं अकरा दिवसांपूर्वीच थांबलं होतं. ते थांबल्याची ई-मेल रोज जात होती, पण ज्या माणसाच्या नावावर जात होती तो कंपनी सोडून गेला होता. सकाळी क्लायंटच्या ग्राहकांना अकरा दिवसांपूर्वीचे आकडे दिसायला लागले आणि मग जो गोंधळ झाला तो तुम्हीच कल्पना करा.

दोन दिवसांनी आरसीए आला. रूट कॉज : ह्यूमन एरर. ऑपरेटरने फेलओव्हर करण्यापूर्वी स्टँडबाय किती मागे आहे हे तपासलं नाही. उपाय : टीमला ट्रेनिंग. तो मुलगा प्रोजेक्टवरून बाहेर, मग बेंचवर, आणि चार महिन्यांत कंपनीबाहेर. आणि रनबुक? त्यात 'स्टँडबाय किती मागे आहे ते तपासा' ही पायरी आरसीएच्या दुसऱ्या दिवशी घातली गेली. म्हणजे जी पायरी लिहिलेलीच नव्हती ती न केल्याबद्दल पोराला शिक्षा झाली! त्याच्या अनुभवाच्या पत्रावर यातलं काही लिहिलेलं नाही, पण रात्री दोन वाजता फोन उचलायची भीती त्याच्या मनात कायमची लिहिली गेली.

गुनावींच्या त्या यादीत तेरा प्रकारची कारणं आहेत. ज्या आउटेजेसची कारणं समजू शकली त्यांत अपग्रेड, नेटवर्क आणि सॉफ्टवेअरमधले बग ही तीन सगळ्यात वर, प्रत्येकी साधारण पंधरा-सोळा टक्के. त्याखाली कॉन्फिगरेशन, दहा टक्के. 'माणसाची चूक' हा वेगळा प्रकार आहे, पण चार टक्क्यांच्या आसपास. आता कुणी म्हणेल, अरे पण कॉन्फिगरेशन चुकवतो तो माणूसच ना? बग लिहितो तो माणूसच ना? अगदी बरोबर! आणि म्हणूनच 'ह्यूमन एरर' हे कारण होऊच शकत नाही. सगळ्याच गोष्टी माणसं करतात. 'माणसाने चूक केली' हे सांगणं म्हणजे विमान का पडलं याचं उत्तर 'गुरुत्वाकर्षणामुळे' असं देण्यासारखं आहे. खोटं नाही, पण उपयोग शून्य.

हेच काम नीट कसं करतात याचाही एक नमुना आहे. २८ फेब्रुवारी २०१७ला अ‍ॅमेझॉनची एसथ्री सेवा अमेरिकेच्या पूर्व भागात कित्येक तास आडवी झाली आणि अर्धं इंटरनेट सोबत घेऊन गेली. निमित्त काय, तर एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार दिलेल्या कमांडमध्ये एक इनपुट चुकीचं टाकलं आणि थोड्या सर्व्हरऐवजी पुष्कळ सर्व्हर निघाले. आपल्याकडे आरसीए इथेच संपला असता, त्या कर्मचाऱ्याच्या नावासकट. त्यांच्या अहवालात नाव नाही. त्यात लिहिलं काय, तर आमचं टूल एका फटक्यात इतके सर्व्हर काढू देत होतं ही चूक, ते आता हळूहळू काढेल आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देणार नाही. आणि सेवा परत यायला इतका वेळ का लागला? तर तिचा मुख्य भाग कित्येक वर्षांत पूर्ण रीस्टार्टच केला नव्हता. सेवा या काळात अवाढव्य वाढली आणि रीस्टार्टला किती वेळ लागेल याचा अंदाजच चुकला. म्हणजे पुन्हा तेच, भाकरी फिरवली नव्हती. (वर कडी म्हणजे, सेवेची अवस्था दाखवणारं त्यांचं पानही एसथ्रीवरच अवलंबून होतं. त्यामुळे सगळं बंद असताना ते पान बराच वेळ हिरवं!)

त्याच वर्षी, महिनाभर आधी, गिटलॅबची फजिती झाली होती. रात्रीच्या गडबडीत एका इंजिनिअरच्या हातून प्रॉडक्शन डेटाबेसची डिरेक्टरी उडाली. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या म्हणे. एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा असल्याने मुकाट्याने फेल होत होता, आणि तो फेल झाल्याच्या ई-मेल्स समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारल्या जात होत्या. शेवटी वाचवलं कुणी? ज्याच्या हातून डेटा उडाला त्याच इंजिनिअरने दुसऱ्या कामासाठी साधारण सहा तास आधी एक स्नॅपशॉट घेतला होता, त्याने. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर इत्थंभूत अहवाल लिहिला. आज जगभरातली पोरं त्या अहवालावरून शिकतात. आपल्या प्रोजेक्टवरच्या त्या अकरा दिवसांवरून कोण काय शिकलं? काहीच नाही. तो आरसीए क्लायंटच्या फोल्डरमध्ये पासवर्ड लावून पडलाय.

आणि हेच माझं दुसरं दुखणं आहे. त्या ५९७ आउटेजेसपैकी निम्म्याहून अधिक वेळा कारण समजूच शकलं नाही, कारण ते जाहीरच झालं नव्हतं. 'काही तांत्रिक अडचणींमुळे सेवा उपलब्ध नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' हे वाक्य आपल्याला रेल्वे प्लॅटफॉर्मवरच्या घोषणेइतकं पाठ आहे. डॉक्टरांनी शवविच्छेदनच केलं नसतं तर वैद्यकशास्त्र आजही काढ्यावरच चाललं असतं. आपण आपल्या मढ्यांची घाईघाईने विल्हेवाट लावतो, आणि पुढच्या वर्षी त्याच रोगाने दुसरं कुणी गेलं की "अरेरे" म्हणतो.

बरं, हा रोग फक्त ऑपरेशन्सवाल्यांचा आहे असं समजून डेव्हलपर मंडळींनी खुशीत येऊ नये. टोरंटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींमधले १९८ बिघाड खोलात जाऊन तपासले. ज्या बिघाडांनी अख्खी प्रणाली झोपवली, त्यांतल्या ९२ टक्क्यांत मूळ गडबड छोटीच होती. सॉफ्टवेअरला ती कळलीही होती, एरर आली होती. पण ती एरर हाताळणारा कोड चुकीचा होता. आणि यातले ३५ टक्के बिघाड तर अगदी क्षुल्लक कारणांचे : कॅच ब्लॉक रिकामा, किंवा फक्त एक लॉग टाकून सोडून दिलेला, किंवा त्यात 'टूडू' अशी कमेंट. कोड रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येकाने असला ब्लॉक पाहिलेला असतो. तो रिकामा ब्लॉक म्हणजेच डिकीतली हवा नसलेली स्टेपनी.

आता नेहमीच्या यशस्वी सबबी. पहिली : "चालू सिस्टिमला हात कशाला लावायचा? फेलओव्हर करताना काही झालं तर?" साहेब, काही होणार असेल तर ते मंगळवारी सकाळी अकरा वाजता होऊ दे, सगळे जागे असताना आणि चहा गरम असताना. तुम्ही टाळताय म्हणून ते टळणार नाही, रात्री दोन वाजता होईल आणि समोर दीड वर्षाचा अनुभव असेल.

दुसरी : "क्लायंट परवानगी देणार नाही." क्लायंटला कधी खरं विचारलंय? 'आमचा बॅकअप चालतो की नाही हे आम्हाला माहीत नाही, तपासू का?' असं विचारून बघा. परवानगी धावत येईल. पण असं विचारायचं म्हणजे ती हिरव्या अक्षरांची स्लाइड खोटी होती हे कबूल करायचं, आणि खरी अडचण तिथे आहे.

तिसरी : "एवढ्या मोठ्या सिस्टिमवर हे शक्यच नाही." याचं उत्तर पुन्हा आपल्या शेअर बाजारानेच दिलंय. त्या फेब्रुवारीनंतर, मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम आवळले. आपत्ती जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत डीआरवरून काम सुरू झालं पाहिजे, असं बंधन आलं. आणि २०२४ साली २ मार्च आणि १८ मे या दोन शनिवारी बाजार खास उघडला. पहिलं सत्र नेहमीच्या साइटवरून, दुसरं सत्र डीआर साइटवरून. खोटे सौदे नाहीत, खऱ्या पैशांचे खरे सौदे! देशाचा शेअर बाजार शनिवारी सकाळी भाकरी फिरवू शकतो आणि आपलं तीन सर्व्हरचं पोर्टल फिरवू शकत नाही? कुणाला सांगताय?

असो. राग पुरे, आता मागण्या. आर्किटेक्ट किंवा मॅनेजर मंडळी हे वाचत असतील तर चारच गोष्टी मागतो. एक, दर तिमाहीत एकदा काम दिवसाढवळ्या स्टँडबायवर न्या आणि एक दिवस तिकडेच राहू द्या. दोन, रिस्टोअर करून न बघितलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका, 'फाइल' म्हणा. तीन, आरसीएच्या फॉर्ममधून 'ह्यूमन एरर' हा पर्यायच काढून टाका. तिथे 'माणसाला ही चूक करणं इतकं सोपं का होतं?' असा प्रश्न घाला. चार, आरसीए निदान कंपनीतल्या सगळ्यांना वाचता येऊ द्या. नावं काढा, मजकूर ठेवा.

आणि माझ्यासारखे तीन-पाच-सात वर्षांचे जे लोक आहेत, ज्यांच्या हातात यातलं काही नाही, त्यांनी सोमवारी स्टँडअपमध्ये एवढंच विचारायचं : "आपला स्टँडबाय शेवटचा कधी वापरला होता?" उत्तरादाखल तारीख मिळाली तर उत्तम. तारखेऐवजी "काळजी नको, बॅकअप आहे" असं उत्तर आलं, तर नाइट शिफ्टच्या यादीत त्या आठवड्यात कोणाचं नाव आहे ते बघून ठेवा. पुढच्या आरसीएत तेच येणार आहे.